कमी सोडियमचं मीठ: एकाच स्वयंपाकघरात बीपीवाले, किडनीवाले आणि लहान मूल (इंदूर)

तिलकनगर_सून

नमस्कार मंडळी. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२५ मध्ये घरात साध्या मिठाऐवजी पोटॅशियम असलेलं कमी सोडियमचं मीठ वापरायला सुचवलं, तेव्हापासून कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो आजच पिशवी बदला, दुसरा म्हणतो हे विष आहे. सासऱ्यांना तर बदलायचंच आहे. नीट माहिती असलेल्यांनी सांगावं.

घरात पाच माणसं, स्वयंपाक एकच. सासरे ६८, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ (एकाच गोळीत), क्रिएटिनिन १.०. सासूबाई ६४, जुना मधुमेह, मेटफॉर्मिन आणि रामिप्रिल ५, क्रिएटिनिन १.३. रिपोर्टवर त्याच्यापुढे एक वरचा बाण आहे, बाकी काही लिहिलेलं नाही. आम्ही दोघं चाळिशीच्या आत, तक्रार काही नाही. मुलगा ७ वर्षांचा.

विचारायचं एवढंच: सगळ्यांना एकच मीठ चालेल का? सासूबाईंच्या मते उपासाचं सैंधव सगळ्यांत बिनधोक, ते खरं का? सासऱ्यांचं बीपी घरच्या मशीनवर १४२ ते १५० दाखवतं, मीठ बदलून फरक पडला हे त्यावर कळेल का? आणि सकाळचे पोहे, त्यावर शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) हे आमच्याकडे सुटणारं नाही, ते धरूनच सांगा.


काउंटरपलीकडे

ताई, आधी सरळ उत्तर: सगळ्या घराची पिशवी बदलू नका. सासऱ्यांना हे मीठ चालण्यासारखं आहे, सासूबाईंना नाही, आणि आमटी दोघांची एकाच पातेल्यात होते.

क्रिएटिनिन १.३ हा आकडा फसवा आहे. लॅबच्या छापील मर्यादेच्या जरासा वर, म्हणून एक बाण. पण तो वय आणि बाई-पुरुष धरून वाचायचा असतो. त्यासाठीच्या सीकेडी-ईपीआय नावाच्या २०२१ च्या सूत्रात ६४ वर्षांची बाई आणि १.३ घातलं की ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, येतो ४६ च्या आसपास. सासऱ्यांचा त्याच सूत्रानं ८२. हा आकडा तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर त्याला जुनाट किडनीविकार म्हणतात, आणि ४५ ते ५९ ही त्याची ३ए पायरी. म्हणजे सासूबाई ३ए च्या अगदी तळाला आहेत. डॉक्टरांना पुढच्या खेपेला ईजीएफआर कागदावर लिहून मागा, आणि लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.

आता पोटॅशियम का नको ते. खाल्लेलं पोटॅशियम बाहेर जातं ते मुख्यतः लघवीवाटे, आणि किडनीला ते टाकायला लावणारं संप्रेरक म्हणजे अल्डोस्टेरॉन. जुन्या मधुमेहात ते बऱ्याचदा आधीच कमी पडलेलं असतं, ईजीएफआर फार खाली गेलेला नसतानाही. रामिप्रिल ते आणखी दाबतं. त्याचं कामच ते आहे. वरून मिठातून रोज पोटॅशियम आलं की साचायला लागतं. त्रास असा काही होत नाही, थोडा थकवा, पायांत जडपणा, आणि मग एकदम हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं ही शिफारस करताना किडनीचा विकार असलेले, पोटॅशियम बाहेर टाकण्यात अडथळा असलेले, गरोदर बायका आणि मुलं यांना बाजूला ठेवलंय. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये नेमकी ती ओळ गळालेली असते. तुमच्या घरात सासूबाई आणि मुलगा, दोघंही त्या ओळीत बसतात.

ज्या अभ्यासावर एवढी चर्चा चालते तो चीनचा. उत्तर चीनमधली ६०० गावं, २०,९९५ माणसं, सरासरी पावणेपाच वर्षं, निकाल २०२१ मध्ये आले. निम्म्या गावांना ७५ टक्के सोडियम क्लोराईड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराईडचं मीठ दिलं. त्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. मिठाच्या एका बदलासाठी हा फार मोठा फरक आहे, त्यात वाद नाही. पण त्यात घेतलेली माणसं कोण? पक्षाघात होऊन गेलेली, किंवा साठीच्या पुढची आणि बीपी काबूत नसलेली. म्हणजे तुमचे सासरे. आणि वगळलेली कोण? गंभीर किडनीविकाराची, आणि पोटॅशियम अडवणारी लघवीची गोळी स्वतः घेणारी किंवा जिच्या घरात दुसरं कुणी घेतं अशीही. घरातल्या दुसऱ्या माणसाचा विचार त्या लोकांनी आधीच केला होता, कारण चूल तिकडेही एकच.

सासऱ्यांच्या गोळीत टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवतं, क्लोरथॅलिडोन (लघवीचं औषध) कमी करतं. दोन्ही मिळून साधारण बरोबरीत राहतं, पण गृहीत धरू नका. मीठ बदलण्याआधी एकदा सीरम पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, बदलल्यावर दोन आठवड्यांनी परत, मग तीन महिन्यांनी. बदलताय हे त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालूनच. गोळी मात्र मिठाच्या भरवशावर कमी करायची नाही.

गोळ्यांच्या पत्त्याची (स्ट्रिपची) मागची बाजू वाचायची सवय ठेवा. नावापुढच्या अक्षरांत घोळ असतो: 'एएम' असेल तर अॅम्लोडिपिन, त्याचा पोटॅशियमशी संबंध नाही, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, ते क्लोरथॅलिडोनच्याच जातीचं. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन किंवा अॅमिलोराइड या पोटॅशियम अडवणाऱ्या गोळ्यांतलं एकही नाव दिसलं तर हे मीठ घरात आणूच नका. लघवीच्या संसर्गावर ट्रायमेथोप्रिमवालं अँटिबायोटिक दिलं तर तेवढे दिवस बंद. वैद्यांच्या चूर्णात जवखार असेल तर तोही पोटॅशियमचाच क्षार, त्याला 'घरगुती' म्हणून सूट नाही.

एक शेवटचं. पैसे वाचवायला सियागंजच्या बाजारातून पोटॅशियम क्लोराईड सुटं आणून घरी मिसळायची कल्पना काही जण काढतात. ते करू नका. तिथे मिळणारं खाण्याच्या दर्जाचं असेलच असं नाही. खताचं पोटॅश म्हणजे हेच रसायन. आणि दाणे वेगळ्या आकाराचे असले की बरणी हलली की वेगळे होतात. एखाद्या चमच्यात निव्वळ पोटॅशियम क्लोराईड येतं. सपाट चहाचा चमचा म्हणजे पाच-सहा ग्रॅम, त्यात अडीच-तीन ग्रॅम पोटॅशियम एका घासात.


छप्पनचा_खवय्या

उगाच घाबरवताय. ५ ग्रॅम मिठात २५ टक्के पोटॅशियम क्लोराईड म्हणजे ६५० मिलिग्रॅम पोटॅशियम. दोन केळ्यांत जवळपास तेवढंच असतं. केळी खाताना कोण ईजीएफआर विचारतं? आणि त्याच चिनी अभ्यासात पोटॅशियम वाढल्याच्या घटना दोन्ही गटांत सारख्याच होत्या.


काउंटरपलीकडे

केळ्याचं गणित बरोबर, निष्कर्ष नाही. ज्याची किडनी धड आहे त्याला हे ६५० उलट फायद्याचंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम सांगते आणि आपल्यातले बहुतेक त्याच्या खालीच असतात. पण पोटॅशियम वाढलेल्या किडनीच्या पेशंटला केळीही मोजूनच देतात. शिवाय केळं दिसतं, आमटीतलं दिसत नाही.

दोन्ही गटांत सारखं होतं हे खरं, पण त्या अभ्यासात सगळ्यांचं रक्त ठरावीक काळानं तपासलं नव्हतं, आजारी पडून नोंद झालेल्या घटना मोजल्या होत्या. चीनमध्येच वृद्धांच्या ४८ निवासी संस्थांत झालेल्या पुढच्या अभ्यासात (२०२३) रक्त तपासलं, तेव्हा पोटॅशियम वाढलेलं जास्त जणांत सापडलं. त्याच अभ्यासात हृदयविकार-पक्षाघाताच्या घटना ४० टक्क्यांनी कमी झाल्या हेही सांगतो, नाहीतर म्हणाल लपवलं.

२०२० मध्ये एक अंदाजगणितही आलं होतं: अख्ख्या चीननं मीठ बदललं तर हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे वर्षाला सुमारे ४,६०,००० मृत्यू टळतील आणि किडनीविकार असलेल्यांत पोटॅशियमनं सुमारे ११,००० वाढतील. सरकारला धोरण ठरवायला हा हिशेब उत्तम. ताईंना मात्र एका ठरावीक सासूबाईंबद्दल ठरवायचंय, ज्यांचा धोका आपल्याला आधीच माहीत आहे.


जांभळं_झाकण

लॅबच्या बाजूनं. पोटॅशियम ही सगळ्यांत लवकर बिघडणारी तपासणी आहे, आणि बिघडते ती बहुतेक वेळा वरच्या बाजूला. तुम्ही रक्त घरी बोलावून देणार असाल तर हे बघा.

पट्टा बांधून मिनिटभराच्या वर ठेवू नये, आणि 'मूठ उघडा-मिटा' करायला लावू नये. मूठ आवळली की स्नायूंतून पोटॅशियम सुटतं आणि आकडा फुगतो. शीर सापडत नसेल तर कोमट पाण्याचं कापड ठेवा, मूठ नको. मधुमेहाच्या पेशंटचं एकाच टोचणीत तीन नळ्यांत रक्त घेतात, तिथे क्रम महत्त्वाचा: आधी लाल किंवा पिवळ्या झाकणाची, मग जांभळी, शेवटी करडी. जांभळ्या नळीत (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, एचबीए१सीची) रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचं ईडीटीए असतं, करड्या नळीत (साखरेची) बऱ्याचदा पोटॅशियम ऑक्झलेट. क्रम उलटला किंवा एका नळीतलं दुसरीत ओतलं तर थेंबभरानंही पोटॅशियम खोटं वाढतं. ईडीटीए मिसळलंय हे ओळखायची खूण म्हणजे त्याच नमुन्यात कॅल्शियम विचित्र खाली येतं.

रक्त गोठल्यावर सीरम लवकर वेगळं करायला हवं. नमुना तसाच दुपारभर स्कूटरच्या डिकीत फिरला, किंवा 'खराब होऊ नये' म्हणून न फिरवता फ्रिजमध्ये ठेवला, तर दोन्हीनं पोटॅशियम वाढतं. थंडीत पेशीचा पंप मंदावतो आणि आतलं बाहेर येतं, त्यामुळे फ्रिजचा उपाय उलटाच पडतो. घरी येणाऱ्या मुलाला विचारा, हा त्याचा पहिला नमुना आहे की शेवटचा. शेवटचा असेल तर बरं, तो तिथून थेट लॅबला जातो. त्याहून बरं म्हणजे सेंटरवर जाऊन देणं. रिपोर्टखाली 'हिमोलाइज्ड' (नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या) असा शेरा असेल तर तो आकडा धरूच नका, परत द्या.

आता आकडे. साधारण ३.५ ते ५.० ठीक. ५.१ ते ५.४ आलं तर ते मीठ थांबवा आणि नमुना आठवड्याच्या आत परत द्या. ५.५ च्या वर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ६ च्या वर असेल तर नमुना चुकला असेल म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी ईसीजी निघेल आणि लगेच परत रक्त तपासलं जाईल अशा ठिकाणी जा.


चवीपुरतं

सासूबाईंच्या सैंधवाचं आधी मिटवते. सैंधव म्हणजे खाणीतलं सोडियम क्लोराईड. रंग देणारी खनिजं अगदी नाममात्र, बाकी सगळं साधं मीठच. काळं मीठही त्याच घरचं, गंधक वेगळं. बीपीसाठी दोन्हींचा उपयोग शून्य, आणि सैंधवात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. साध्या आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत किमान १५ पीपीएम आयोडीन राहायला हवं, म्हणजे ५ ग्रॅममध्ये ७५ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज १५०, गरोदरपणी २५०. मीठ कमी करायचं आणि वर ते बिनआयोडीनचं करायचं, हे दोन्ही एकदम नको. एकादशीला घ्या, रोज नको. कमी सोडियमची पिशवी घेतानाही 'आयोडीनयुक्त' शब्द शोधा.

पिशवी निवडताना मोठ्या अक्षरांतलं नाव बघू नका, मागचं कोष्टक बघा. साध्या मिठात १०० ग्रॅममागे सोडियम सुमारे ३९ ग्रॅम. ३३ लिहिलं असेल तर ते १५ टक्के कमी. २७ ते २९ असेल तर २५-३० टक्के कमी. अभ्यासांत वापरलेलं बहुतेक दुसऱ्या प्रकारचं. आपल्याकडे तेलंगणात सिद्दीपेटच्या खेड्यांत बीपी असलेल्या ५०२ जणांवर झालेल्या अभ्यासात ७०-३० चं (७० टक्के सोडियम क्लोराईड, ३० टक्के पोटॅशियम क्लोराईड) मीठ होतं, तीन महिन्यांत वरचं बीपी ४.६ नं उतरलं. २१ अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये काढलेली सरासरीही तेवढीच, आणि सोडियम क्लोराईडचा वाटा दर १० टक्के कमी केला की वरचं बीपी आणखी दीड अंक उतरतं असं त्यात दिसलं. तेव्हा १५ टक्केवाल्या पिशवीकडून फार आशा ठेवू नका.

आता तुमचं पातेलं. ज्या घरात एकाला चालतं आणि एकाला नाही, तिथे मी पातेल्यात साधंच मीठ पण निम्मं घालायला सांगते. सासऱ्यांसाठी वेगळी लहान डबी, त्यात ७०-३० चं मीठ, दिवसाला २ ग्रॅम, आठवड्याचं १४ ग्रॅम रविवारी तोलून. ते त्यांच्या वाटीत वरून. सासूबाईंना वरून काही नाही. मुलाच्या ताटात डबी जायची नाही, आणि डबीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. पाहुणे आले की मीठ म्हणून तीच पुढे सरकवली जाते. खरा फायदा निम्म्या मिठाचा आहे, आणि तो पाचही जणांना मिळतो. सासूबाईंना तर जास्तच, कारण रामिप्रिल कमी सोडियमवर लघवीतली प्रथिनं अधिक चांगली रोखतं. डबीचा फायदा सासऱ्यांना वरकड.

निम्मं म्हणजे किती, हे डोळ्यांनी ठरवू नका. खडे मिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा हलका भरतो, त्यामुळे चमच्याचा भरवसा नाही. स्वयंपाकाचा लहान वजनकाटा आणा. माणशी ५ ग्रॅम ही रोजची वरची मर्यादा. चार मोठ्यांचे आठवड्याचे १४०, मुलाचे २० धरा. त्यातून शेव, लोणचं, पापड, बाहेरचं खाणं वजा जाता स्वयंपाकाच्या बरणीत आठवड्याला १०० ग्रॅम भरा. शुक्रवारी बरणी रिकामी झाली तर हात कुठे सैल सुटतो ते बघा. सध्या काय चाललंय ते कळायलाही सोपं आहे: पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा. किलोभर मीठ पाच माणसांत महिन्यात संपत असेल तर माणशी ६.७ ग्रॅम नुसतं घरचं झालं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतीय माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅम खातो असं निघालं, पुरुष ८.९ आणि बायका ७.१.

कुठून कमी करायचं? कणकेतून पहिलं. पाच माणसांच्या कणकेत चमचाभर मीठ म्हणजे माणशी एक ग्रॅम, आणि भाजी-आमटीबरोबर पोळी खाल्ली की ते कुणाला जाणवतसुद्धा नाही. भातात घालूच नका. आमटी-भाजीत एकदम निम्मं केलंत तर सासरे पहिल्याच दिवशी ताट सरकवतील. दर आठवड्याला थोडं थोडं उतरवा, जीभ काही आठवड्यांत बसते. मीठ सुरुवातीला फोडणीत न टाकता गॅस बंद करताना घाला, तेवढंच मीठ जास्त लागतं. आमसूल, लिंबू, भाजलेलं जिरं, ओली मिरची यांनी उणीव भरते. पोटॅशियमवाल्या मिठाला मागून किंचित कडवट, धातूसारखी चव असते. आंबट-तिखटात ती लपते, ताकात आणि दहीभातात उघडी पडते. ताकाला सासऱ्यांनी जिरेपूड घ्यावी, मीठ नकोच.

लोणच्या-पापडात प्रयोग करू नका. लोणच्यात मीठ चवीपेक्षा टिकण्यासाठी असतं, कमी केलं की बुरशी. नेहमीसारखं घाला, फोड लहान घ्या.

आणि पोहे. पाकिटावर सोडियम लिहितात, मीठ नाही. सोडियमला अडीचनं गुणायचं. शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेवेत २४० मिलिग्रॅम, मीठ ०.६ ग्रॅम. सुट्या शेवेवर काहीच लिहिलेलं नसतं, आणि तिच्यात सोडा असला तर त्याचंही सोडियम येतं, जे खारट लागत नाही म्हणून कुणी मोजत नाही. खाण्याच्या सोड्याच्या वजनात २७ टक्के सोडियम असतं. मग करायचं काय? पोह्यांत मीठ निम्म्याहून कमी घाला, वरची शेव ते भरून काढते. जीरावन घरी करा: जिरं, धणे, बडीशेप, लवंग, तमालपत्र, सुंठ, हिंग भाजून कुटायचं, आमचूर आणि लाल तिखट मिसळायचं, काळं मीठ वगळायचं. आमचूर सढळ हातानं घातला तर बिनमिठाचं जीरावन पोह्यांवर छान लागतं. गराडूवर (तळलेल्या कंदावर) मात्र फिकं लागतं, खोटं कशाला सांगू. गराडू काही रोज नसतात.

सासूबाईंचं पोटॅशियम तपासून नॉर्मल आलं तर फळं-भाज्या आपणहून बंद करू नका. घाबरून डाळ, टोमॅटो, पालक सगळं सोडलेली माणसं अशक्त होऊन येतात. वाढलेलं आलं तरच, आणि आहारतज्ज्ञाला दाखवून.


कफ_बावीस_बत्तीस

मशीनच्या प्रश्नाचं कुणी बोललं नाही. तुम्ही शोधताय तो फरक चार-पाच अंकांचा आहे, आणि हात चुकीचा ठेवला तर तेवढी चूक सहज होते. जॉन्स हॉपकिन्समध्ये १३३ जणांवर नेमकं हेच मोजलं, २०२४ मध्ये छापून आलं: हात टेबलावर टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर वरचं बीपी ३.९ नं जास्त दाखवतं, हात बाजूला लोंबता ठेवला तर ६.५ नं. म्हणजे सासऱ्यांचं मीठ सुधारलं आणि हात मांडीवर गेला, तर मशीन म्हणेल काहीच फरक नाही.

कफचा, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा, आकार त्याहून महत्त्वाचा. मशीनबरोबर येणारा कफ बहुतेक २२ ते ३२ सेंटीमीटर दंडासाठी असतो. टेपनं दंडाचा मध्य मोजा. ज्यांना सगळ्यांत मोठा कफ लागतो त्यांना हा नेहमीचा लावला तर आकडा सरासरी १९.५ नं जास्त येतो, हे २०२३ च्या अभ्यासातलं. मनगटावरचं मशीन असेल तर दंडावरचं घ्या.

पद्धत: अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन येणं, खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसणं. टीव्हीवर बातम्या चालू असताना घेतलेलं बीपी धरू नका. उघड्या दंडावर कफ, दंड छातीच्या पातळीला, हात टेबलावर टेकलेला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. असे सात दिवस, पहिला दिवस टाकून बाकीच्यांची सरासरी. घरच्या सरासरीसाठी मर्यादा १३५/८५. असा एक आठवडा मीठ बदलण्याआधी आणि एक सहा-आठ आठवड्यांनी. मधल्या काळात रोज मोजून रोज वाद घालण्यात अर्थ नाही. ऋतूही एकच ठेवायचा प्रयत्न करा. थंडीत बीपी चढतं, उन्हाळ्यात उतरतं. जानेवारीत मोजून मीठ बदललंत आणि मेमध्ये परत मोजलंत तर श्रेय फुकट मिठाला जाईल.


तिलकनगर_सून

सगळ्यांचे आभार, फार उपयोग झाला. पिशवी नाही बदलत, डबीचं करते. ईजीएफआर आणि अल्ब्युमिन दोन्ही लिहून मागते. आणखी दोन गोष्टी: सासरे जेवणानंतर गॅससाठी पाण्यात फसफसणारं फ्रूट सॉल्ट घेतात, रोज नाही पण बऱ्याचदा. आणि गुडघ्यासाठी दोघंही अधूनमधून एसिक्लोफिनॅक घेतात. याचा संबंध येतो का?


काउंटरपलीकडे

येतो, आणि हे आधी विचारायला हवं होतंत. ५ ग्रॅमच्या एका फ्रूट सॉल्टमध्ये सोडियम सुमारे ८५० मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅमच्या वर मिठाइतकं. कणकेतून काढलेलं सगळं एका ग्लासात परत आलं. गॅस वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते बिनसोडियमचं औषध लिहून देतील.

एसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही सगळी किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात, बीपी वाढवतात आणि पोटॅशियमही अडवतात. सासऱ्यांच्या एका गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध दोन्ही आहेत. वर हे तिसरं आलं की किडनी अचानक बसू शकते. सासूबाईंना ईजीएफआर ४६ असताना तर नकोच. दुखलं तर पॅरासिटामॉल, साधी गोळी; पाण्यात फसफसणारी नको, तिच्यातही सोडियम असतं. गुडघ्यावर मलम लावायला हरकत नाही.

आणि मेमधल्या इंदूरच्या उन्हात किंवा जुलाब-उलट्या झाल्या तर सासऱ्यांची डबी त्या दिवसापासून बंद, नीट खायला-प्यायला लागेपर्यंत. पाणी कमी झालं की किडनीचं काम तासांत मंदावतं. ओआरएस द्या, त्यात लिटरला २० मिलिमोल पोटॅशियम असतं, ते सासऱ्यांना त्या वेळी लागतंच. टेल्मिसार्टनची गोळी, सासूबाईंचं रामिप्रिल आणि मेटफॉर्मिन त्या दोन दिवसांत चालू ठेवायचं की थांबवायचं, ते आत्ताच डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवा. रात्री दोनला जुलाब सुरू झाले की कुणाचा फोन लागत नाही.